जुन्या मोटरसायकलच्या चाकातले आटे गेले तर: मूळ माप राखून दुरुस्ती कशी करायची

जुन्या गाडीच्या चाकातले आटे गेले की पुण्यात हमखास दोन सल्ले मिळतात. एक म्हणजे "एक साइज मोठा टॅप मारून टाकू," म्हणजे आटे पाडायच्या मोठ्या हत्याराने भोक वाढवू. दुसरा, "वेल्डिंगने भरून घ्या, परत आटे पाडू." नवा हब (चाकाचा मधला गड्डा) दुकानात मिळत असेल अशा गाडीला हे चालूनही जातं. पण साठच्या दशकातल्या जावाचा, बीएसएचा किंवा जुन्या बुलेटचा हब एकदा मोठा केला की मूळ मापाचा स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेला, बिनडोक्याचा बोल्ट) त्यात पुन्हा बसत नाही, आणि पुढच्या वेळी मोठं करायला धातूच उरलेला नसतो. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे: आटा नक्की कोणता हे ठरल्याशिवाय टॅप हातात घ्यायचा नाही, आणि दुरुस्तीनंतर मूळ मापाचाच नट परत बसला पाहिजे.

चाकात आटे जाण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: स्पिंडलचं म्हणजे चाकाच्या आसाचं टोक, स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) किंवा ड्रम धरणाऱ्या स्टडची भोकं, हबमधली बेअरिंगची लॉक रिंग आणि ब्रेक प्लेट अडवून धरणाऱ्या टॉर्क आर्मचा बोल्ट. स्पोक आणि निपलचे आटे गेले असतील तर त्यांच्या दुरुस्तीच्या फंदात पडू नका. ते बदलायचेच असतात. चेन अ‍ॅडजस्टरच्या बारक्या बोल्टचंही तेच.

आधी आटा ओळखा

हे काम अर्ध्या तासाचं असतं आणि सगळ्यात जास्त गाड्या इथेच बिघडतात. जावा-येझदी मूळ चेक डिझाइनच्या, त्यामुळे त्यांचे आटे मेट्रिक. ब्रिटिश गाड्यांचं तसं नाही. साठचं दशक संपेपर्यंतच्या बीएसए, ट्रायंफ, नॉर्टनच्या चाकांत बहुतेक ठिकाणी सायकल थ्रेड सापडतो, म्हणजे सीईआय किंवा बीएससी (एकाच आट्याची दोन नावं). याचा कोन ६० अंश आणि इंचाला आटे बहुधा २६, काही मोठ्या मापांना २०. व्हिटवर्थ आणि बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन) हे वेगळं घराणं, त्यांचा कोन ५५ अंश. साठच्या दशकाच्या शेवटी ब्रिटिश कारखाने युनिफाइड (अमेरिकेशी सामाईक इंची मापाच्या) आट्यांकडे वळले. बुलेटचा जन्म ब्रिटिश, पण इथे बनत गेलेल्या गाड्यांत इंची आणि मेट्रिक दोन्ही सापडतात. त्यात मधल्या पन्नास वर्षांत कुठल्या मेकॅनिकने काय बदललं ते गाडीच्या कागदपत्रांत लिहिलेलं नसतं. त्यामुळे मॉडेलवरून अंदाज बांधू नका, मोजा.

फसगत कशी होते ते बघा. पाच-सोळांश इंचाचा सायकल थ्रेड म्हणजे बाहेरचा व्यास ७.९४ मिमी आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.९७७ मिमी. एम ८ फाइन म्हणजे व्यास ८ आणि पिच १ मिमी. हातातल्या नटाला हा फरक कळत नाही. तो दोन-तीन फेरे सुरळीत जातो, मग जड होतो, आणि पाना लावला की दोन्हीकडचे आटे कापत पुढे सरकतो. "जरा टाइट आहे, पण बसला" असं कोणी म्हणालं की समजा, आटे गेले.

पिच गेजवरही पूर्ण भरवसा नको. १ मिमीचं पान २६ च्या आट्यांवर टेकवलं तर तीन-चार आट्यांपर्यंत चपखल बसल्यासारखं दिसतं. त्याऐवजी व्हर्नियरने लांब अंतर मोजा. एका आट्याच्या शेंड्यापासून पुढच्या विसाव्या आट्याच्या शेंड्यापर्यंतचं अंतर मेट्रिक असेल तर २० मिमी भरतं, २६ चा असेल तर १९.५ च्या थोडं वर. जवळजवळ अर्ध्या आट्याचा हा फरक साध्या व्हर्नियरवरही स्पष्ट दिसतो. वीस आटे नसतील तर दहा मोजा: १० विरुद्ध ९.७७. भोकाच्या आत गेज पोहोचत नसेल तर काडीला मेण किंवा कणकेसारखी पुट्टी लावून आत दाबा, अलगद बाहेर काढा आणि त्या ठशावर मोजा.

नट-बोल्ट सुट्टा असेल आणि संशय असेल तर खात्रीचा एकच मार्ग: त्या मापाचा नवा, कोरा नट बोटांनी पूर्ण लांबी फिरवून बघणं. बोटांनी, पान्याने नाही.

हाताशी काय हवं

व्हर्नियर, मेट्रिक आणि इंची दोन्ही पिच गेज, बारीक त्रिकोणी कानस, थ्रेड फाइल, चांगलं टॅप हँडल आणि त्या मापाचा टॅपचा पूर्ण संच, म्हणजे टेपर, सेकंड आणि बॉटम तिन्ही. मेट्रिक टॅप-डाय बोहरी आळीत कुठेही मिळतात. सायकल थ्रेडचे टॅप मात्र शोधावे लागतात. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, रविवारी किंवा बुधवारी, जुन्या हत्यारांच्या ढिगात असे टॅप कधी कधी हाती लागतात. घेताना धार बघा. टॅपच्या टोकाजवळचे दात नखावर हलके ओढा, नखावरून किसासारखी साल निघाली तर धार आहे, नुसता घसरला तर ठेवून द्या. बोथट टॅप आटे कापत नाही, धातू ढकलतो. नाना पेठेत सुटे भाग बघताना स्पिंडल घ्यायचं असेल तर स्वतःचा मोजलेला नट खिशात न्या आणि तिथेच फिरवून बघा.

काम सुरू करण्याआधी ब्रेक शू बाहेर काढून तेलापासून लांब, कागदात गुंडाळून ठेवा. ड्रममधली धूळ फुंकरीने किंवा एअर गनने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका.

स्पिंडलचं टोक

स्पिंडलचे आटे गंजाने जातात त्यापेक्षा हातोडीने जास्त जातात. पंक्चर काढताना चाक निघत नाही, मग टोकावर घण बसतो आणि पहिले दोन आटे फुलून बाहेर येतात. नट मग आत जातच नाही, आणि जबरदस्तीने नेला तर तो सगळी लांबी खरवडत जातो.

अशा टोकाला बाहेरून डाय (बाहेरचे आटे पाडायचं हत्यार) लावणं ही सहज सुचणारी गोष्ट आहे आणि चुकीची आहे. फुललेल्या टोकावर डाय सरळ बसत नाही, तिरका धरतो आणि जुन्या आट्यांवर नवा, तिरपा आटा पाडतो. आतले आटे चांगले आहेत ना? मग तिथून बाहेर या. त्याच मापाचा एक चांगला पोलादी नट घ्या, हॅक्सॉने उभा, मधोमध कापून दोन अर्धुकं करा, आटे साफ करा. ही दोन अर्धुकं आतल्या चांगल्या आट्यांवर समोरासमोर ठेवा, व्हाइस-ग्रिपने धरा आणि तेल टाकून सावकाश बाहेरच्या बाजूला फिरवत या. चांगले आटेच वाट दाखवतात, त्यामुळे नट तिरका जाऊ शकत नाही. अडला की मागे घ्या, फुललेला भाग त्रिकोणी कानशीने जरासा उतरवा, परत या. शेवटच्या आट्याबाहेर टोकाला ४५ अंशांची छोटी उतरण करून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी नट सहज धरेल.

खोलवर ओरखडा असेल तिथे थ्रेड फाइल वापरा. तिच्या दोन्ही टोकांच्या चार-चार बाजूंवर वेगवेगळ्या पिचचे दात असतात, योग्य बाजू लावून आट्यांच्याच दिशेने ओढायची. ती धातू थोडाच काढते, आणि तेच हवं असतं.

आता एक तपासणी जी बहुतेक जण करत नाहीत. साफ केलेल्या आट्यांवर पिच गेज लावून उजेडासमोर धरा. टोकाकडे गेज बसतो पण नट जिथे आवळला जातो तिथे फट दिसते, तर स्पिंडल ताणलं गेलंय. लांब पाइप लावून आवळणाऱ्यांची ही करणी असते. असं स्पिंडल दुरुस्त होत नाही. ते टाका.

वेल्डिंगने भरलेलं स्पिंडलही वापरू नका, विशेषतः पुढच्या चाकाला. वेल्डच्या कडेला पोलादाची उष्णताप्रक्रिया बिघडते आणि तडा नेमका तिथून सुरू होतो. नवं स्पिंडल बनवून घेणं पुण्यात अवघड नाही. भोसरीत लेथचा टर्नर दर गल्लीत आहे. ईएन २४ टी पोलाद मागा, आणि जुना नमुना तर न्याच, पण सोबत मापांचं कागदावरचं चित्रही न्या. दोन गोष्टी स्पष्ट सांगा. पहिली, आटे जिथे संपतात तिथे धारदार खाच नको, गोलाई असलेला अंडरकट (उथळ खोबण) हवा. दुसरी, पॉलिश-प्लेटिंग होणार असेल तर आटे त्या हिशेबाने थोडे मोकळे ठेवायचे. ६० अंशांच्या आट्यावर प्लेटिंगची जाडी पिच व्यासात चौपट होऊन दिसते: ८ मायक्रॉनचा थर म्हणजे ३२ मायक्रॉन वाढ. लेथवर छान बसलेला नट प्लेटिंगहून आल्यावर अडतो तो यामुळे. शिवाय कठीण केलेल्या पोलादात प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं, म्हणून प्लेटिंगनंतर लगेच भट्टीत १९० ते २०० अंशांवर काही तास ठेवणारा प्लेटरच निवडा.

टर्नरशी होणारा संवाद साधारण ठरलेला असतो.
"साहेब, सव्वीसचा कशाला? एक एमएमचा करून देतो, नट कुठेही मिळेल."
"नको काका, सव्वीसचाच करा. हबमधली रिंग आणि दुसऱ्या बाजूचा नट त्याच मापाचा आहे."
"मग गिअर बदलायला लागतील."
लागतात, हे खरं आहे. मेट्रिक लीडस्क्रूच्या (आटे पाडताना टूल सरकवणाऱ्या स्क्रूच्या) लेथवर इंची आटे अचूक काढायला १२७ दात्यांचं गिअर लागतं, कारण २५.४ मिमीला पाचाने गुणलं की १२७ होतात. ज्याच्याकडे ते आहे किंवा ज्याचा लेथ मूळ इंची आहे, त्याच्याकडेच काम द्या. जुने इंची लेथ अजून चालू आहेत, फक्त विचारावं लागतं.

अ‍ॅल्युमिनियम हबमधली स्टडची भोकं

इथे आटे जाण्याचं कारण बहुतेक वेळा ढिलेपणा असतो. स्प्रॉकेटचा नट सैल झाला, स्टड प्रत्येक झटक्याला हलू लागला आणि मऊ अ‍ॅल्युमिनियम खाल्लं गेलं. एकाच भोकाचे आटे गेले असतील तरी सगळे स्टड काढून तपासा, कारण एक गेल्यावर बाकीच्यांवर भार वाढलेला असतो.

स्टड अडकला असेल तर आधी रस्ट पेनिट्रंट टाकून रात्रभर राहू द्या. मग हब गरम करा. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून हब शंभर-सव्वाशे अंशांना नेला की स्टडची पकड सुटते. हॉट एअर गन बरी, गॅसची ज्योत नको. एका जागी जास्त तापलं तर हब वाकतो. पूर्वी कोणी उच्च ताकदीचं लॉकटाइट (आटे चिकटवून धरणारं थ्रेडलॉकर) लावलं असेल तर ते सुटायला अडीचशे अंशांच्या आसपास स्थानिक उष्णता लागते, ती स्टडला द्या, हबला नाही.

भोक मोकळं झालं की दोन रस्ते आहेत.

हेलिकॉइल, म्हणजे खाल्लेल्या भोकात बसवायची तारेची आटेदार गुंडाळी, हा पहिला. एम ८ चा साधा स्टड असेल तर ८.३ मिमीचं ड्रिल, मग हेलिकॉइलचा खास टॅप, मग तारेची कॉइल. नेहमीचा एम ८ टॅप इथे चालत नाही. कॉइलची लांबी निदान स्टडच्या व्यासाच्या दीडपट घ्या, जागा असेल तर दुप्पट. पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा आटा खाली बसवा आणि आतली शेपटी तोडून चुंबकाने किंवा चिमट्याने बाहेर काढा. ती आत राहिली तर स्टड तळापर्यंत जाणार नाही. मेट्रिक कॉइलचे संच सहज मिळतात, सायकल थ्रेडच्या कॉइल मागवाव्या लागतात.

माझी पसंती दुसऱ्या रस्त्याला आहे: पोलादी बुश, म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेली नळी. स्प्रॉकेटसारख्या उलटसुलट झटके खाणाऱ्या जागी बुश जास्त टिकतो. एम ८ स्टडसाठी बाहेरून एम १२ गुणिले १ आणि आतून एम ८ गुणिले १.२५ असा बुश टर्नरकडून करून घ्या. आधी भोकाभोवती भिंत किती उरेल ते मोजा. बुशभोवती तीन-चार मिमी धातू उरत नसेल तर कॉइलच बरी. भोक आरपार असेल तर बुशला कॉलर ठेवा आणि तो आतल्या बाजूने घाला, म्हणजे नट आवळल्यावर ओढ कॉलरवर येते, बाहेरच्या आट्यांवर नाही.

ड्रिल सरळ आणि नेमक्या जागी जाणं हे या कामाचं हृदय आहे. हातातल्या ड्रिलने खाल्लेल्या भोकात शिरलात तर ड्रिल जिकडे धातू कमी तिकडे पळतं. स्प्रॉकेटलाच मार्गदर्शक करा: चांगल्या स्टडांवर ते घट्ट बसवा आणि रिकाम्या भोकात टर्नरने केलेला छोटा गाइड बुश ठेवा, ज्याच्या आतलं भोक तुमच्या ड्रिलच्या मापाचं आहे. हब ड्रिल प्रेसच्या टेबलावर सपाट टेकवा, टेकत नसेल तर खाली पॅकिंग द्या आणि गुण्याने चारही बाजूंनी तपासा. ८.३ वर एकदम जाऊ नका, ०.३ ते ०.५ मिमीच्या टप्प्यांनी वाढवा.

टॅप मारताना अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल उत्तम, नाही मिळालं तर डब्ल्यूडी फोर्टी. पोलादाला कटिंग ऑइल. पहिले तीन-चार फेरे टॅप ड्रिल प्रेसच्या चकमध्येच धरून, मोटर बंद ठेवून हाताने फिरवा. टॅप सरळ बसतो तो इथेच. मग हँडल लावा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे येताना कीस तुटल्याची बारीक 'कट्' अशी जाणीव हाताला होते. ती येईनाशी झाली आणि हात जड झाला तर टॅप पूर्ण बाहेर काढून भोक साफ करा. कीस आत साठून टॅप तुटला तर कठीण टॅप काढायला ईडीएमवाल्याकडे (विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्याकडे) जावं लागतं.

नव्याने आटे पाडताना ड्रिलचं माप काढायचं सोपं सूत्र आहे: बाहेरचा व्यास वजा पिच. एम ८ ला ८ वजा १.२५, म्हणजे ६.७५, व्यवहारात ६.८. पाच-सोळांश सायकलला ७.९४ वजा ०.९७७, म्हणजे ७ च्या आसपास.

बुश बसवताना दोन्हीकडचे आटे तेलमुक्त करा, रिटेनिंग कंपाउंड किंवा उच्च ताकदीचं थ्रेडलॉकर लावा आणि २४ तास हात लावू नका.

बेअरिंगची लॉक रिंग

जुन्या ब्रिटिश हबमध्ये बेअरिंग एका आटे असलेल्या रिंगने धरलेलं असतं. या रिंगला दोन किंवा चार भोकं असतात, आणि बहुतेक गाड्यांत ती छिन्नीने ठोकून खराब केलेली सापडते. ठोकणाऱ्याला माहीत नसतं की काही हबमध्ये ही रिंग उलट्या आट्यांची असते, ट्रायंफच्या काही पुढच्या हबमध्ये आहे तशी. सोडवतोय असं वाटत असताना तो ती आवळत असतो.

आधी कडेला बघा: सेंटर पंचने आटे चिरडून रिंग लॉक केली असेल तर तो ठसा बारीक ड्रिलने उडवा. ग्रब स्क्रू असेल तर तो काढा. मग दिशा ठरवा. रिंगच्या वर हबचे एक-दोन आटे मोकळे दिसत असतील तर समोरच्या आतल्या भिंतीवरचा त्यांचा चढ बघा. हब आडवा, अक्ष उभा ठेवलेला असताना सरळ आटे त्या भिंतीवर डावीकडे चढत जातात, उलटे आटे उजवीकडे.

सोडवण्याचं हत्यार स्वतः बनवा. जाड पट्टीत रिंगच्या भोकांच्या अंतरावर दोन कठीण पिना आणि मधे स्पिंडल जाईल एवढं भोक. स्पिंडल हबमधून घालून, पट्टीवर वॉशर आणि नट लावून पट्टी हलकी दाबून धरा. आता पिना भोकातून उडू शकत नाहीत आणि सगळा जोर फिरवण्यात जातो. रिंग पाव फेरा सुटली की नट जरा ढिला करा, कारण रिंग वर सरकताना नटावर येते.

हबच्या आतले आटे खरंच गेले असतील तर एवढ्या मोठ्या व्यासाचा टॅप शोधत बसू नका. हे लेथचं काम आहे. हब बेअरिंगच्या घरावर डायल (बारीक फरक दाखवणारा गेज) लावून मधोमध बांधायचा, चकमध्ये धरून चालवलेल्या ड्रमवर विश्वास ठेवायचा नाही. आट्यांची धार फक्त चपटी झाली असेल तर बोअरिंग बारवर सिंगल पॉइंट टूलने जुनाच आटा धरून साफ करता येतो. खोलीच उरली नसेल तर थोडं बोअर करून, तीच पिच ठेवून, मोठ्या व्यासाचा आटा पाडायचा आणि त्याला जुळणारी नवी रिंग बनवायची. मूळ माप सोडण्याची मुभा मी फक्त इथे देतो, कारण रिंग त्या हबचीच असते, ती दुसरीकडून आणावी लागत नाही. नव्या रिंगवर व्यास, पिच आणि आट्यांची दिशा कोरून घ्या.

टॉर्क आर्मचा बोल्ट

ब्रेक मारल्यावर ब्रेक प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून हा बोल्ट असतो. तो निसटला तर प्लेट फिरते, ब्रेकचा रॉड किंवा केबल गुंडाळली जाते आणि चाक जागच्या जागी अडकतं. म्हणून इथे "चालून जाईल" हा शब्दच नको. प्लेटमधले आटे शंकास्पद असतील तर कॉलरचा बुश, आणि शक्य असेल तर आरपार बोल्ट, मागून नट. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) प्रत्येक वेळी नवा. मूळ नट कंगोऱ्यांचा आणि स्प्लिट पिनचा असेल तर तसाच ठेवा, पिन मात्र नवी.

परत जोडताना

अ‍ॅल्युमिनियममध्ये जाणाऱ्या पोलादी आट्यांना कॉपर ग्रीसचा पातळ हात द्या, थ्रेडलॉकर लावलं असेल तिथे नाही. ग्रीस लावलेला आटा कोरड्यापेक्षा कमी जोरात तेवढाच ताणला जातो, त्यामुळे टॉर्क रेंच वापरत असाल तर मॅन्युअलमधला कोरडा आकडा तसाच्या तसा लावू नका. प्रत्येक नट आधी बोटांनी पूर्ण बसवा. बोटांनी जो जात नाही त्याला पाना लावायचा नाही, परत मोजायचं. स्टडचे नट समोरासमोरच्या जोडीने, दोन टप्प्यांत आवळा.

चाक बसवून, चेन आणि ब्रेक लावून आधी स्टँडवर फिरवा. मग गल्लीत हळू वेगाने दोन्ही ब्रेक तपासा आणि तेव्हाच रस्त्यावर या. पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर गाडी थंड असताना सगळे नट परत बघा. स्टड आणि नटावर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवली असेल तर काही सरकलंय का ते नुसत्या नजरेने कळतं. कोणत्या भोकात बुश आहे, कोणत्या मापाचा, कोणत्या बाजूचा आटा उलटा, हे कागदावर लिहून तो आरसी बुकाच्या पाकिटात घाला. पुढच्या वेळी चाक खोलणारा दुसरा कोणी असला तरी त्याला पुन्हा शोधत बसावं लागणार नाही.